पुट्टी नंतर, आधी ओल शोधा

रमजान महिनाभरावर आला की आपल्या बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "यंदा भिंतींचं काहीतरी करायला हवं." पडदे धुवायला निघतात, फळीवरची भांडी खाली येतात आणि रंगवाल्याला फोन जातो. तो येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी फासतो, रंगाचे दोन हात मारतो. ईदला पाहुणे म्हणतात, घर छान दिसतंय. पाऊस सुरू झाला की त्याच जागी तोच डाग पुन्हा डोके वर काढतो.

आमच्या घरी हे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मी, माझे पती आणि नववीत शिकणारा मुलगा, आम्ही तिघांनी ती भिंत स्वतः दुरुस्त केली. आम्ही कोणी गवंडी नाही. पण त्या चार-पाच महिन्यांत भिंतीबद्दल जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल. एक चूक मात्र अशी झाली होती की ती पुट्टीने बुजणारी नव्हती. तीही सांगते.

आमची भिंत

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका छोट्या शहरात आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. इकडे पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे भिंतीला ओल आली की सगळे पावसालाच दोष देतात. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या खोलीत पलंगालगतच्या भिंतीवर 2023 च्या रमजानपूर्वी रंग फुगला होता. रंगवाल्याकडून काम करून घेतले. बकरी ईदच्या सुमारास डाग परत आला, या वेळी काळसर बुरशीसकट. अम्मींना दमा आहे. रात्रीचा खोकला वाढला. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "खोलीत ओल आहे का?"

ओल कुठून येते याचे उत्तर आम्ही न शोधताच ठरवून टाकले होते : वरच्या मजल्यावरच्या खालांच्या बाथरूममधून. त्यांची बाथरूम बरोबर त्या भागावर येते. आम्ही तक्रार केली. खालांनी नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या खर्चाने लाद्या फोडून सांधे बदलून घेतले. आम्ही 2024 च्या रमजानपूर्वी पुन्हा रंग काढला. एप्रिलमध्ये डाग परत. मी जिन्यात उभी राहून म्हणाले, "काम नीट करून घेतलंच नाही तुम्ही." खाला काही न बोलता वर गेल्या. त्या ईदला आमच्या घरून शिरखुर्म्याचा वाडगा वर गेला नाही आणि वरूनही आला नाही.

एप्रिलमध्ये कोकणात पाऊस नसतो. भिंत मला तेव्हाच काहीतरी सांगत होती. मी ऐकले नाही.

भिंत काय सांगते

दुरुस्तीला हात घालण्याआधी आठ-पंधरा दिवस भिंत नुसती पाहा. डाग कुठे आहे आणि कधी वाढतो, यावर बरेच कळते.

ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल आणि तळमजल्याचे घर असेल, तर पाणी बहुधा पायातून वर चढते आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर खिडकीचा सांधा किंवा बाहेरची फट पाहा. छतावर गोल डाग असेल तर वरून गळते. बाथरूम किंवा मोरीच्या पाठीमागच्या भिंतीवर असेल तर आधी आपलाच नळ तपासा. पावसाळ्यात वाढणारी आणि उन्हाळ्यात सुकणारी ओल बाहेरून येते. बारा महिने राहणारी ओल बहुतेक वेळा पाइपाची असते. त्यातही पाणी भरलेल्या नळाचा पाइप सतत झिरपतो, तर सांडपाण्याचा पाइप वापर झाला की गळतो.

शंका असेल तर घरच्या घरी तीन चाचण्या करता येतात.

पहिली : डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा पाहा. रेघेच्या बाहेर ओल गेली असेल तर पाणी अजून चालू आहे.

दुसरी : फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर तो हवेतला दमटपणा आहे; खिडकी उघडी ठेवणे, पलंग-कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरी : गच्चीवर तुमच्या घराची स्वतंत्र टाकी असेल तर इशाच्या नमाजनंतर पंप बंद ठेवून टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करा. फजरपर्यंत घरात एकही नळ उघडू नका; लागणारे पाणी बादलीत आधीच भरून ठेवा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे.

खालांच्या दारात

2024 च्या सप्टेंबरमध्ये खाला तीन आठवडे मुंबईला मुलीकडे गेल्या. जाताना गच्चीवरच्या त्यांच्या टाकीचा कॉक बंद करून गेल्या. वर थेंबभर पाणी वापरले जात नव्हते. मुलाने अम्मींच्या खोलीत पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली होती. तीन आठवड्यांत ओल त्या रेघेच्या चार बोटे पुढे गेली.

मुलगा म्हणाला, "अम्मी, मग ते पाणी वरचं कसं?"

त्या रात्री टाकीची चाचणी केली. सकाळी पातळी तीन बोटे उतरली होती. दुसऱ्या रात्री गच्चीवरून फक्त बाथरूमचा कॉक बंद ठेवला, तर पातळी जागची हलली नाही. अम्मींच्या भिंतीच्या पलीकडे आमचीच बाथरूम आहे. प्लंबरने आमच्या दोन लाद्या काढल्या. गीझरकडे जाणाऱ्या पाइपाच्या कोपऱ्याचा जोड केसाएवढा फाटला होता. दीड वर्ष पाणी तिथून झिरपत होते आणि दीड वर्ष आम्ही वर बोट दाखवत होतो.

सूरह अल-हुजुरातमध्ये अल्लाहने ईमानवाल्यांना फार संशय घेण्यापासून दूर राहायला सांगितले आहे, कारण काही संशय हे गुनाह असतात. ही आयत मी मुलांना शिकवलेली आहे. आणि आपण हेही मानतो की माणसाचा हक्क मारला तर माफी आधी त्या माणसाकडेच मागावी लागते. मुसल्ल्यावर बसून केलेली तौबा त्यासाठी पुरत नाही. शेजाऱ्याचा हक्क तर आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, ते वेगळे सांगायला नको.

खाला परत आल्यावर मी वर गेले. सोबत त्यांच्या प्लंबरच्या बिलाची रक्कम पाकिटात नेली होती. म्हटले, "खाला, पाणी आमचंच होतं. मी तुमच्यावर आळ घेतला, मला माफ करा." त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "टीचर, जिन्यात सगळ्यांसमोर बोललीस. माफी दारात मागतेस होय?"

बरोबर होते त्यांचे. पुढच्या रविवारी इमारतीची बैठक होती. तिथे मी सगळ्यांसमोर सांगितले की चूक आमची होती. पाकीट त्यांनी दोनदा परत केले आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतले.

पाणी थांबले, आता थांबायचे

जोड बदलला म्हणजे भिंत सुकली असे नव्हे. विटांत मुरलेले पाणी सावकाश निघते; जाड भिंत सुकायला ढोबळ हिशेबाने इंचाला एक महिना लागतो. त्यावरचा रंग आणि भिजका गिलावा काढून टाकला तर हे काम लवकर होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो भाग विटांपर्यंत उघडा केला. अम्मींचा पलंग हॉलमध्ये आणला. खोलीची खिडकी दिवसा उघडी आणि पंखा चालू.

हे दिवस सर्वांत अवघड जातात. घरात पाहुणे येतात, उघड्या विटा दिसतात. अम्मी रोज विचारायच्या, "आता तरी लावा ना काहीतरी." आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबलो. प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली. दोन दिवसांनी कागद कोरडा निघाला, तेव्हाच सिमेंट आणले.

साहित्य

हातोडी आणि छिन्नी, थापी, लाकडी रंधा, पुट्टीचा रुंद आणि अरुंद पत्रा, तारेचा ब्रश, घमेले, बारीक चाळणी, पॉलिश पेपर, पाण्याची फवारणी बाटली. याशिवाय मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे. यातले बरेच शेजारी-पाजारी मागूनही मिळते. आमचा रंधा तर खालांच्या घरून आला.

कोणत्या जखमेवर कोणते औषध

*खिळ्याची भोके :* सैल माती-चुरा ब्रशने काढा, भोक पाण्याने ओले करा, पुट्टी दाबून भरा. पुट्टी सुकताना थोडी आत बसते, म्हणून किंचित वर ठेवा आणि सुकल्यावर घासून सपाट करा. भोक खोल असेल तर दोनदा भरा.

*केसासारख्या चिरा :* वरून पुट्टी फिरवली तर चीर महिन्याभरात पुन्हा दिसते. पत्र्याच्या टोकाने चीर तोंडाशी तीन-चार मिलिमीटर रुंद करा, आत निमुळती. धूळ काढा, ओली करा आणि चिरा भरण्याची तयार पेस्ट दाबून भरा. सिमेंटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली उभी चीर मात्र सतत परत येते, कारण उन्हा-थंडीत दोन्ही सारखे हलत नाहीत. तिथे चीर भरून वर जाळीची पट्टी लावावी आणि मग पुट्टी.

*पोकळ गिलावा :* भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. घट्ट गिलाव्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा डबडब. पोकळ भागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढा आणि तेवढा गिलावा छिन्नीने काढा. कडा सरळ कापा. आतल्या विटा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. विटांवर आणि जुन्या कडांवर पाणी मारा, नाहीतर कोरडी वीट नव्या मालाचे पाणी शोषून घेते आणि तो धरत नाही. मग सिमेंट पाण्यात पातळ कालवून त्याचा एक हात द्या आणि तो ओला असतानाच माल भरा. माल एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू. खड्डा खोल असेल तर दोन थरांत भरा. पहिला थर घट्ट झाल्यावर त्यावर रेघोट्या ओढून ठेवा, दुसरा थर चांगला धरतो. वर रंध्याने गोल फिरवत जुन्या भिंतीशी सपाट करा. त्यानंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. हे पाणी चुकवले तर सिमेंट कच्चे राहते आणि भुकटी सुटते.

खाडीकाठच्या वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : समुद्राची किंवा खाडीची वाळू गिलाव्याला वापरू नका. तिच्यातला क्षार भिंतीत कायमचा जातो.

*लोणा :* भिंतीवर पांढरी भुकटी फुटते तो हाच क्षार. पाण्यात विरघळून तो पृष्ठभागापर्यंत येतो, पाणी उडून जाते आणि क्षाराचे खडे रंगाला मागून ढकलतात. म्हणून पोपडे सुटतात. लोणा पाण्याने धुऊ नका, तो पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने काढा आणि भुकटी गोळा करून टाका. पाणी थांबले नसेल तर तो परत येणारच.

*बुरशी :* खोलीतून लहान मुले आणि दम्याचे रुग्ण बाहेर काढा, खिडक्या उघडा, मास्क लावा. बुरशी कोरडी खरवडू नका, ती हवेत उडते. आधी ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी ब्रशने लावून थोडा वेळ ठेवा, मग पुसून घ्या. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करण्याचे अॅसिड किंवा दुसरे कोणतेही क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. गिलाव्यातच बुरशी मुरली असेल तर तो भाग काढणेच बरे.

*जुनी जांभ्याची घरे :* गावाकडच्या चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यावर सिमेंट थापण्याची घाई करू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. वर सिमेंट किंवा ऑइल पेंट लावला की ओल आत कोंडते आणि जुना गिलावा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचीच डागडुजी आणि चुन्याचाच हात मानवतो.

पुट्टी आणि रंग

नवा गिलावा पाणी मारून झाल्यावर तीन-चार आठवडे तरी सुकू द्या. ओलाव्याची शक्यता असलेल्या भिंतीवर पीओपी लावू नका, ओलीने ते मऊ पडते. तिथे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या. पाण्याचे प्रमाण पिशवीवर लिहिलेले असते, तेच पाळा. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपेल एवढीच करा. भिंत किंचित ओलसर करून पातळ हात द्या, तो सुकल्यावर दुसरा. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाडी नको. जाड थर तडकतो. मग बारीक पॉलिश पेपर, धूळ पुसणे, प्रायमर आणि रंग.

घासताना एक सावधगिरी. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना विशेष घातक असते. जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. फडके स्वयंपाकघरात नेऊ नका.

इथे स्वतः हात लावू नका

स्विचबोर्डजवळ छिन्नी चालवायची तर आधी मुख्य स्विच बंद करा. बोर्डजवळची भिंत ओली असेल किंवा हात लागताच झिणझिण्या येत असतील तर स्वतः काही न करता वायरमन बोलवा. चीर तिरकी असेल, पायरीपायरीने चढत असेल, बोट जाईल एवढी रुंद असेल किंवा दर महिन्याला वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा. खांब, तुळई किंवा स्लॅबला चीर पडून गंजाचे तांबूस डाग आले असतील तर आतली सळई गंजते आहे. त्यावर पुट्टी लावणे म्हणजे धोका झाकणे. भाड्याच्या घरात तोडफोड करण्यापूर्वी मालकाला सांगा.

कामाची लाज कसली?

आमचे पती लुंगी वर खोचून घमेल्यात माल कालवत होते, तेव्हा ओळखीच्या एकाने विचारले, "गवंडी परवडत नाही का?" गवंडी बोलवण्यात काही गैर नाही, मोठ्या कामाला तोच हवा आणि त्याची मजुरी वेळेवर द्यायला हवी. पण घरचे काम स्वतः करण्यात कमीपणा तो कसला? हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत असत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्या कामात मदत करत, आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, कपडे स्वतः शिवत. माझ्या मुलाने आता घरातली खिळ्यांची सगळी भोके बुजवली आहेत आणि नवे खिळे ठोकण्याआधी तो दोनदा विचार करतो.

वेळ कोणती धरावी?

आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढची काही वर्षे तो थंडीत येणार आहे. म्हणजे पावसाळा संपल्यापासून रमजानपर्यंतचा काळ वर्षागणिक कमी होत जाईल. शाबानमध्ये भिंतीला हात लावून ती रमजानच्या आत सुकणार नाही. पावसाळ्यात डागांवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवा, पाऊस थांबताच गळतीचा बंदोबस्त करा, भिंत उघडी करून सुकू द्या आणि सुकली की गिलावा-पुट्टी. यंदा जमणार नसेल तर नुसती स्वच्छ खरवडून ठेवा. उघड्या भिंतीला पाहून कोणी नाव ठेवले तर ठेवू द्या.

आमची भिंत फेब्रुवारीच्या शेवटी रंगली, दोन मार्चला पहिला रोजा होता. अम्मी आपल्या खोलीत परत गेल्या. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. मुलाने ओढलेली रेघ रंगाखाली गेली आहे, पण तो अजून अधूनमधून त्या जागी हात फिरवून पाहतो. भिंत कोरडी आहे, अल्हमदुलिल्लाह. डागाचा मागमूस नाही. फक्त रंध्याचा हात एका ठिकाणी चुकला होता, तिथे उजेड तिरका पडला की थोडा उंचवटा दिसतो.

ईदच्या सकाळी मी शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन निघाले, तर जिन्यात खाला आपला वाडगा घेऊन खाली येत होत्या. "आधी तुझी भिंत दाखव," म्हणाल्या. अम्मींच्या खोलीत जाऊन त्यांनी बोटाने टकटक केले, कान लावला आणि बरोबर त्या उंचवट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "इथे गवंड्याला बोलवायला हवं होतं."